पेवावरची फरशी

ताईचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे करायचं ठरलं आणि बाबांनी जाहीर केलं, की यंदा पावसाळ्याआधी घरात फरशी बसेल. जाहीर केलं म्हणजे जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, कचेरीत हुकूम वाचून दाखवतात तशा आवाजात सांगितलं. बाबा बाभुळगावच्या तहसील कचेरीत कारकून होते आणि घरातल्या गोष्टीही ते 'निकाली काढत'. त्यांचं म्हणणं चुकीचं मुळीच नव्हतं. आमचं घर काळ्या मातीवर उभं होतं. उन्हाळ्यात ती माती अशी भेगाळायची की भिंतीच्या कडेला माझा अख्खा पंजा आत जाई, आणि पावसाळ्यात ती फुगून वर यायची. शेणानं सारवलेली जमीन आषाढापासून दिवाळीपर्यंत पुरती वाळायची म्हणून नाही. गोधड्या दमट राहत, पोत्यातल्या ज्वारीला कुबट वास येई, सकाळी अंथरूण गुंडाळायला जावं तर उशीखालून गांडूळ निघे. अशा जमिनीवर बाळंतीण ठेवायची कशी, असा बाबांचा सवाल होता.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो जिजीला. जिजी म्हणजे बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि तेव्हापासून आमच्यातच राहत होती. उंच, काटक, आवाज खणखणीत. तिला उभ्या आयुष्यात काय हवं होतं असं कुणी विचारलंच नाही, पण फरशीचं नाव निघालं तेव्हा ती लहान मुलीसारखी हरखली. "दगडी फरशीवर उघडे पाय ठेवले का कसं गार लागते, माहीत हाय का तुले?" असं मला दिवसातून चारदा विचारायची. तिच्या एका मैत्रिणीच्या घरी शहाबादी होती. तिथे ती उगाच काहीतरी मागायला जायची आणि दुपारभर जमिनीवर लोळून यायची.

बाबा फरशी निवडायला लागले आणि घराची प्रयोगशाळा झाली. पिशवीत नमुने घालून ते एस.टी.नं यायचे. एकदा शहाबादीचा तुकडा, एकदा काळा कडप्पा, एकदा लोहाऱ्याकडच्या एका कारखान्यातल्या ठिपक्यांच्या मोझेक टाइल्स. रांजणाखालच्या ओल्या मातीत ते सगळे तुकडे ओळीनं मांडून ठेवत आणि सकाळी दात घासायच्या आधी जाऊन कुणाला घाम आला, कुणाला पांढरा क्षार फुटला हे बोट फिरवून पाहत. जिजी ओसरीत बसून तंबाखू मळता मळता म्हणायची, "काहून रे, फरशी निवडून राह्यला का जावई?" बाबा रागावल्यासारखं करत, पण मिशीत हसत. शेवटी मोझेकवर शिक्का बसला. कडप्पा उदास दिसतो आणि शहाबादीला ओल लवकर चढते, असं कारण त्यांनी दिलं. मला ते ठिपके आवडले होते. राखी जमिनीवर लाल, पिवळे, काळे खडे.

आता पेवाचं सांगायला हवं. आमचं घर आधी एका शेतकऱ्याचं होतं आणि त्यानं मधल्या खोलीत धान्यासाठी पेव खणलेलं होतं. पेव म्हणजे जमिनीखालची कणगीच. वर माणूस उतरेल एवढं गोल तोंड आणि आत खोल, फुगीर पोट. आम्ही घर घेतलं तेव्हा ते वापरातून गेलं होतं, पण तळाशी जुनी ज्वारी राहिली होती. किती ते कुणी उतरून पाहिलं नाही. तोंडावर फळ्या, फळ्यांवर माती आणि त्यावर सारवण. आई दर अक्षय तृतीयेला तेवढी जागा उकरायची, पायलीभर ज्वारी आत ओतायची, हळदकुंकू वाहायची आणि पुन्हा लिंपून टाकायची. ती माहेरी पेवांच्याच घरात वाढलेली होती. पेव उघडलं की तिथं आधी दोरीनं कंदील आत सोडत. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार. विझला तर त्या दिवशी कुणी तिकडं फिरकायचं नाही, कारण कोंडलेल्या धान्याची हवा माणसाला आवाजही करू देत नाही. तिच्या एका चुलत्याला घाई होती, त्यानं कंदील सोडला नाही. ही गोष्ट ती आम्हाला भाजी निवडता निवडता, मीठ किती घालायचं हे सांगावं इतक्या सहज सांगायची. कंदिलाचं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मिस्त्रीनं जमीन उकरायला घेतली आणि पेवाचं तोंड लागलं. "भरून टाकू का बाबूजी? मुरूम लागंन बराच," तो म्हणाला. बाबा हो म्हणणार तोच आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पिठानं भरलेले. "पेव बुजवाचं नसते," ती म्हणाली. "ज्यानं पोट भरलं थ्याच्या तोंडात माती कोंबता का? अन् थेबी पोरगी बाळंतपणाले येऊन राह्यली तवा?"

"अगं, ते आपलं पोट भरत नव्हतं. आधीच्या मालकाचं भरत होतं," बाबा म्हणाले.

"कोनाचंबी असो. मी नाही बुजवू देनार."

आई बाबांशी भांडायची नाही. त्यामुळे ती कधी अशी बोललीच तर बाबा गडबडून जात. त्या भोकाकडे पाहता पाहता त्यांना त्यांच्या मते फार नामी तोडगा सुचला. पेव बुजवायचं नाही. तोंडावर शहाबादीची जाड लादी टाकायची, तिच्यावर मुरूम आणि चुना, आणि वर सलग टाइल्स. म्हणजे आईचं पेव आत जसंच्या तसं, आणि बाबांची फरशी एका पातळीत. आई खूश झाली. बाबा खूश झाले. दोघांनाही वाटलं, आपलं ऐकलं गेलं. इतक्या वर्षांनी मी त्या दोघांचे त्या क्षणीचे चेहरे आठवते तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्यांच्या संसारात इतकं समाधान एकाच वेळी दोघांच्या तोंडावर मी क्वचितच पाहिलं होतं. मिस्त्रीही खूश. "काई फिकीर नाई जी. वर हत्ती उभा केला तरी हालनार नाई," तो म्हणाला. आणि खरंच, ती लादी शेवटपर्यंत हलली नाही.

फरशी झाली. सांध्यांत पांढरं सिमेंट भरलं, वर भुसा टाकून दगडानं घासली, आणि घर एकदम मोठं दिसायला लागलं. मिस्त्रीनं जाताना थापीच्या दांड्यानं सगळीकडे ठोकून दाखवलं. टण, टण, टण. मधल्या खोलीच्या मध्यावर मात्र ढब असा आवाज आला. जिजी तिथं मुद्दाम टाच आपटून पाहायची आणि म्हणायची, "इथी फरशी बोलते व." आपली झोपायची जागा तिनं तिथंच पक्की केली. सगळ्या घरात तिथं जास्त गार लागतं, असं तिचं म्हणणं.

ताई आली, आणि आषाढात तिला मुलगा झाला. पाऊस असा लागला होता की दिवस आणि संध्याकाळ यांत फरक राहिला नव्हता. मधल्या खोलीत बाजेवर ताई आणि बाळ, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची आणि शेपेची धुरी, आणि बाजेच्या शेजारी खाली जिजी. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दोन्ही दारं लावलेली, खिडकीत पोतं कोंबलेलं. स्वयंपाकघरातून डिंकाचा, मेथ्यांचा, तुपाचा वास येत राही. फरशीला घाम यायचा. आई दिवसातून कितीदा तरी पोछा मारायची आणि पोछा पिळून येईपर्यंत फरशी पुन्हा ओली. मध्यावर, जिथं ढब आवाज येई, तिथल्या टाइल्सच्या सांध्यांत काळ्या बारीक रेघा उमटल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे पाहून म्हणाले, माती फुगली की असं होतंच, दिवाळीनंतर पुन्हा सिमेंट भरू.

शेगडी टिकेना. आई रसरशीत निखारे आणून ठेवायची आणि थोड्या वेळात ते काळे पडायचे. कोळसा ओला आला म्हणून आईनं दुकानदाराला नावं ठेवली. मांजर त्या खोलीत यायचं बंद झालं, तर जिजी म्हणाली, धुरीनं पळालं. सकाळी उठल्यावर जिजी दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसायची. "डोकं कसं जड होऊन राह्यलं बाप्पा," म्हणायची. रात्री बाळ रडतं, झोप होत नाही, दुसरं काय असणार, असं आम्ही सगळेच म्हणालो. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं.

एके दुपारी ताई वैतागून म्हणाली, "जिजी, बाजेची नवार खचली. पाठ मोडून राह्यली माही. आज तू वर झोप, मी खाली पडते. गार तरी लागंन."

जिजी एकदम उसळली. "बाळंतिनीनं गार फरशीवर पडाचं नसते! उद्या सांधे धरले तं तुही सासू मले शिव्या देईन. गपचूप वर झोप." आणि स्वतः खाली आडवी झाली. हाताची उशी करून, भिंतीकडे तोंड करून. बाहेर पाऊस सरळ पडत होता, वारा अजिबात नव्हता. मी ओसरीत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले होते.

चहाच्या वेळी आईनं मला तिला उठवायला पाठवलं. मी हाक मारली. मग खांदा हलवला. तिचा गाल फरशीइतकाच गार होता.

लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं. आजारपण नाही, कुणाचं करून घेणं नाही, झोपेत गेली. डॉक्टरही वय पाहून तसंच म्हणाले. बाबा रडले नाहीत, फक्त पुन्हा पुन्हा तिची तंबाखूची डबी उघडत आणि बंद करत राहिले. मी मात्र खूप रडले. मला ती आईपेक्षा जवळची होती, हे मी तेव्हा कुणाला सांगू शकले नसते.

आमच्याकडे माणूस जिथं जातं तिथं जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. वर टोपली उपडी घालतात. जिजीचा दिवा तिच्या उशाच्या जागी, फरशीच्या मध्यावर ठेवला. घराला तीनच खोल्या, ओसरीत भेटायला येणाऱ्यांची गर्दी, स्वयंपाकघर गळत होतं. म्हणून ताई आणि बाळ त्याच खोलीत, मध्ये लुगड्याचा पडदा.

दिवा विझला. आईनं लावला. पुन्हा विझला. तेल बदललं, वात बदलली, टोपलीऐवजी दुरडी घातली. उघडीप पडली की नीट जळे. पावसाचा जोर वाढला की विझे. पांढरकवड्याहून आलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावून सांगितलं, "जिजीचा जीव अटकला आये कशात तरी." मग ती कशात अडकली असेल यावर ओसरीत हलक्या आवाजात बोलणं चाले. कुणी म्हणे बारसं पाहायचं राहिलं, कुणी म्हणे तंबाखू. एकानं सांगितलं की वारं लागत असेल, दारं घट्ट लावा. आम्ही दारं घट्ट लावली. दाराखालच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबल्या. दिवा आणखी लवकर विझू लागला.

मला त्या खोलीची भीती वाटायला लागली होती. तिथं काही दिसत नव्हतं, वासही आंबूस ज्वारीचा, ओळखीचाच. तरीही आत पाऊल टाकलं की छातीवर काहीतरी बसल्यासारखं होई आणि कधी एकदा बाहेर येते असं वाटे.

त्या दुपारी मला दिवा पाहायला आत पाठवलं. पाऊस आदल्या रात्रीपासून थांबलेला नव्हता. दिवा विझलेला होता. आणि पडद्याच्या पलीकडे ताई बाजेवरून उतरली होती. तिनं दिव्यापासून हातभर अंतरावर गोधडी अंथरली होती, बाळाला त्यावर ठेवलं होतं आणि स्वतः एका हातावर टेकून आडवी व्हायच्या बेतात होती. तिला अडवायला आता जिजी नव्हती. "रडत होतं केव्हाचं," ताई म्हणाली. "खाली ठेवलं आन् लगेच चूप झालं, पाह्य."

मी उभ्यानं काडी ओढली. पेटली. दिव्याकडे वाकले तशी गुडघ्याखाली येताच विझली. दुसरी ओढली. हात आडोशाला धरला, श्वास धरला. तीही तिथंच विझली, कुणी चिमटीत धरावी तशी. मागे आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर आई दारात उभी होती. हातात ताईसाठी अळिवाची खीर होती.

"पुन्हा लाव," आई म्हणाली.

मी काडी ओढली आणि हळूहळू खाली नेली. गुडघ्याखाली ती लहान झाली, निळी झाली आणि गेली. आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. वाटी तिच्या हातातून पडली आणि ती ओरडली, "पेव! पोट्टं उचल! पेव आये हे!"

मी बाळ उचललं की आईनं, ते मला आठवत नाही. ताईचा दंड धरून आईनं तिला फरफटत नेलं, मागचं दार लाथेनं उघडलं आणि आम्ही सगळ्या सरळ अंगणात पावसात. ओली बाळंतीण पावसात उभी, आणि आई तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. ती बाळाला आपल्या हातांवर उताणं धरून हलवत होती. बाळ ढिलं पडलं होतं. ओठ जांभळे. पावसाचं पाणी त्याच्या तोंडावर सडसड पडत होतं आणि ते डोळे मिटून ते सोसत होतं. काकू ओसरीतून धावत आल्या आणि जोरात काहीतरी विचारू लागल्या. मग बाळानं एकदम तोंड वाकडं केलं आणि रडलं. त्याबरोबर आई चिखलात मटकन खाली बसली.

बाबा कचेरीतून आले तेव्हा आईनं त्यांना ओसरीतच थांबवलं. दिवा लावून हातात घेतला, ओसरीत जमिनीवर ठेवला, जळत होता. मग दारातून आत गेली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो फरशीवर टेकवला. टेकताच विझला. त्यांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, ओसरीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कंदील पेवात सोडतात. पण आपण ज्यात झोपतो, जेवतो, बाळ वाढवतो, तिथं तो सोडून पाहायचा असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं? बाबा उंबऱ्यावर बसले. "जिजी," एवढंच म्हणाले.

दारंखिडक्या उघडून, छपरावरचे कवेलू काढून, पाऊस थोडा ओसरल्यावर मिस्त्रीनं सब्बल घातली. ठिपक्यांच्या टाइल्स फुटल्या, लादी सरकवली. दोरीनं कंदील सोडला तो तोंडापाशीच विझला. नंतर बॅटरीच्या उजेडात दिसलं, आत पाणी चढलं होतं. पाण्यावर कुजक्या ज्वारीची काळी साय. काळ्या मातीत मुरलेलं पाणी खालून जसं वर येई तसं ते कोंडलेली, फरशीलगत साचून राहणारी जड हवा वर ढकलत होतं, आणि तीच माती फुगून आमच्या फरशीचे सांधे उघडे करत होती. फळ्यांवरच्या मातीला आई दर आठवड्याला सारवायची तेव्हा सगळ्या भेगा आपसूक बुजत. फरशीला कुणी सारवत नाही. हे सगळं मी आज नीट मांडून लिहिते आहे. त्या दिवशी आम्ही नुसते त्या भोकाभोवती उभे होतो आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

मुरमाची ट्रॉली आली. आई पायलीभर ज्वारी घेऊन बाहेर आली, पेवाच्या कडेला थांबली, मग परत जाऊन तिनं ती डब्यात ओतली. येताना मुरमाचं पहिलं टोपलं तिनंच उचललं. कुणी तिला मदत करायला गेलं नाही, तिनं करू दिलीही नसती. ताईला मात्र आईनं काही कळू दिलं नाही. ताई समजत होती की कोंडलेल्या खोलीत जीव गुदमरला, बस्स. "तिले जिजीचं सांगाचं नाही," आईनं मला दंडाला धरून बजावलं. "जिजीनं तिले खाली झोपू नाही देल्लं. थे तिच्या डोक्यात गेलं तं पोरगी जन्मभर हासनार नाही." ताई हसत राहिली. दोन वर्षांपूर्वी गेली, तोवर खळखळून हसत होती.

फरशी पुन्हा बसवली तेव्हा बाबांनी मध्यावर टाइल्स घालू दिल्या नाहीत. परातीएवढा मातीचा गोल तसाच ठेवला. आई तो सारवायची आणि रोज दिवेलागणीला देवापुढचा दिवा लावून झाला की दुसरा तिथं जमिनीवर ठेवायची. बाबा बाहेरून आले की चपला काढायच्या आधी वाकून तिकडं पाहत. जळतोय असं दिसलं की मग आत येत. पेवाबद्दल ते दोघं पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटे.

आई-बाबा गेल्यावर ते घर मी ताईच्या मुलाला दिलं. त्याच बाळाला. आता त्याचेच केस पिकायला आले आहेत. यंदा त्यानं सगळं उकरून नवी फरशी बसवली. मोठ्या, आरशासारख्या टाइल्स, सांधा शोधूनही सापडत नाही. निवडायला मला यवतमाळच्या दुकानात घेऊन गेला होता आणि मी कुठल्याही रंगाला हो म्हणत होते. मधला मातीचा गोल गेला. मिस्त्रीनं खाली ठोकून पाहिलं, भरीव होतं, मी स्वतः ऐकलं.

मागच्या आठवड्यात वास्तुपूजेला गेले. पावसाची झड लागली होती. संध्याकाळी सगळे बाहेर फोटो काढत असताना मी देवघरातली पणती घेतली, मधल्या खोलीत आले, दारं लावली आणि पणती फरशीवर मध्यभागी ठेवून शेजारी बसले. आता गुडघे वाकत नाहीत, तरी बसले. ज्योत सरळ होती. किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडून भाचा आत आला आणि हसायला लागला. त्याचं हसू थेट ताईचं.

"मावशी, काय करून राह्यली व? उचल थे. तेलाचा डाग पडंन ना फरशीवर."

"पडू दे," मी म्हटलं.